जुन्या डेस्कटॉपला डिस्प्ले येत नाही? आधी तो कुठे अडलाय ते शोधा

जूनच्या मध्याला शाळा उघडली की संगणक कक्षातले दोन-चार पीसी हमखास रुसतात. मे महिनाभर पत्र्याखालच्या बंद खोलीत तापलेले असतात आणि त्यावर पहिल्या पावसाची ओल बसलेली असते. सेवा केंद्रांवर हाच प्रकार नेमका पीक विम्याच्या गर्दीत होतो. बटण दाबलं की पंखा फिरतो, लाइट लागते, पण स्क्रीन काळी ती काळीच. मग शेजारून सल्ला येतो, "विंडोज उडालं असेल, फॉरमॅट मारा."

हा सल्ला साफ चुकीचा आहे. विंडोज हार्डडिस्कवर असतं. चालू होताना दिसणारा कंपनीचा लोगो किंवा काळ्यावरची पांढरी अक्षरं त्याच्याही आधी, मदरबोर्डवरच्या बायोस चिपमधून (पीसी सुरू होताना पार्ट तपासणारा छोटा प्रोग्राम हिच्यात असतो) येतात. धडधाकट पीसीची हार्डडिस्क काढून ठेवली तरी तो स्क्रीनवर "डिस्क सापडत नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवतोच. म्हणून पहिल्या सेकंदापासून स्क्रीन काळी असेल तर फॉरमॅटचे पैसे कुणाला देऊ नका. बिघाड दुसरीकडे आहे आणि डेटा बहुधा जागच्या जागी आहे.

उलट लोगो दिसला, विंडोजची खूण आली आणि त्यानंतर काळं झालं, किंवा मॉनिटरवर "आउट ऑफ रेंज" आलं, तर ते ड्रायव्हरचं किंवा रिझोल्यूशनचं दुखणं आहे. विंडोज ७ असेल तर चालू होताना एफ८ दाबत राहून लो रिझोल्यूशनचा पर्याय निवडावा. त्यासाठी डबा उघडायची गरज नाही.

इथलं बहुतेक वर्णन इंटेलच्या जी३१, जी४१ आणि एच६१ चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांच्या) बोर्डांना धरून आहे. शाळा, सेवा केंद्रं, कृषी दुकानं आणि छोट्या पतसंस्थांमध्ये अजून चालणारे जुने पीसी बरेचसे याच पिढीतले आहेत.

जवळ काय ठेवायचं

स्टार पेचकस, साधा डिजिटल मल्टिमीटर, पांढरं मऊ खोडरबर, एक इंची रंगाचा नवा कोरडा ब्रश, बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर २०३२ सेल, थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि बोर्डाच्या स्पीकर पिनांवर लागणारा बोटाच्या पेराएवढा बीप स्पीकर. हा स्पीकर अगदी स्वस्त मिळतो, पण कॅबिनेटसोबत बहुधा येत नाही. तो नसला की निम्मं निदान अंधारात करावं लागतं.

हात घालण्याआधी अर्थिंगचं बघा. डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण येत असेल तर सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की पत्रा साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असल्याने माणसाला फक्त चटका बसतो, पण चालू मशीनला व्हीजीए केबल लावताना हाच करंट पोर्टातून वाट काढतो आणि ऑनबोर्ड ग्राफिक्सला इजा करू शकतो. त्यामुळे कुठलीही केबल किंवा पार्ट काढताना-लावताना नुसतं बटण बंद करू नका, पिन सॉकेटमधून उपटा. मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. बोर्डावरचा छोटा दिवा विझला की उरलेला करंट संपला असं समजायचं.

पहिली पायरी: डबा न उघडता

यूपीएस बाजूला करून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटवर लावा. यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. मशीन सुरू होताना लोड आला की असा यूपीएस गचके देतो आणि दोष पीसीवर येतो.

सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजा. मीटर एसी रेंजवर, ७५० किंवा ६०० व्होल्टच्या खुणेवर असल्याची खात्री आधी करा. २३०च्या आसपास हवं. गावात डीपीवर मोटारींचा लोड आला की ते १७०-१८० पर्यंत खाली येतं, आणि साधे एसएमपीएस तिथे अडखळतात. पहाटे सुरू होणारा पीसी दुपारी डिस्प्ले देत नसेल तर पार्ट बदलण्याआधी दुपारचं व्होल्टेज बघा.

काही जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५/२३० लिहिलेला लाल सरकता स्विच असतो. तो २३० वरच हवा. साफसफाईत कुणी तो ११५ वर सरकवला तर पिन लावताक्षणी आत बार उडतो.

आता मॉनिटर. पीसीची पिन उपटा, मॉनिटर चालू ठेवा आणि त्याच्या पाठीमागची व्हीजीए केबल काढा. "नो सिग्नल" किंवा "चेक केबल" अशी चौकट आली तर काच, बॅकलाइट आणि मॉनिटरची वीज ठीक आहे. चौकट आलीच नाही तर अंधारात स्क्रीनवर टॉर्च तिरपा मारा. पुसट अक्षरं दिसली तर बॅकलाइट गेला आहे, सीपीयूच्या डब्याचा काही दोष नाही. अ‍ॅडॉप्टरवर चालणारा मॉनिटर असेल तर अ‍ॅडॉप्टरचं व्होल्टेजही मोजून घ्या.

केबल परत लावण्याआधी तिच्या पिना बघा. वाकलेली पिन चिमट्याने हलकेच सरळ होते. पंधरापैकी मधल्या ओळीतली एखादी पिन मुळातच नसते, ती तुटली असं समजून घाबरायचं कारण नाही. मॉनिटरला दोन इनपुट असतील तर मेनूतून योग्य तो निवडा. डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच हवी. कार्ड बसवल्यावर बरेच बोर्ड स्वतःचा व्हीजीए पोर्ट बंद करतात, आणि धूळ झाडून परत जोडताना नेमकी हीच चूक होते.

दुसरी पायरी: बटण दाबल्यावर नेमकं काय होतं

काहीच होत नाही, पंखाही हलत नाही: वीज, बटण किंवा एसएमपीएस. खाली एसएमपीएसच्या भागाकडे जा.

पंखा झटका घेऊन थांबतो: कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा प्रोसेसरला वीज देणारा भाग बसला आहे.

चालू-बंद, चालू-बंद असं आपोआप होत राहतं: रॅम, किंवा बायोसच्या बिघडलेल्या सेटिंग.

पंखा नीट फिरत राहतो आणि स्क्रीन काळी: हाच नेहमीचा प्रकार. अशा वेळी कीबोर्डचं नमलॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन आतून जागं आहे, फक्त चित्र बाहेर येत नाही. दोष व्हीजीए पोर्ट, ग्राफिक्स किंवा केबलकडे. दिवा ढिम्म असेल तर मशीन सुरुवातीच्या तपासणीतच अडकलं आहे आणि डबा उघडावा लागेल.

तिसरी पायरी: रॅम

सगळ्यात जास्त केसेस इथेच मिटतात. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर ओल, धूळ आणि गंज यांचा डोळ्यांना न दिसणारा थर चढतो. मराठवाड्यात काळ्या मातीची बारीक धूळ आहेच, शिवाय जिनिंगच्या आसपास कापसाचे उडणारे तंतू आणि लातूरकडे दाळमिलचा भुसा. कोरडं असताना या धुळीने फारसं बिघडत नाही. पहिला पाऊस पडला की तीच धूळ ओल धरते.

पिन उपटल्यावर आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरचा स्थिर चार्ज निघून जाईल. स्लॉटच्या दोन्ही बाजूच्या क्लिपा बाहेर ढकलून रॅम काढा. पट्ट्यांवर खोडरबर एकाच दिशेने, वरून खाली असं चार-पाच वेळा फिरवा. आडवं घासू नका. रबराचा चुरा ब्रशने पूर्ण झाडा, नाहीतर तोच स्लॉटमध्ये जाऊन बसेल. स्लॉटात कोरडा ब्रश फिरवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. सॅनिटायझरमध्ये पाणी असतं आणि डिओमध्ये सुगंधी तेल, म्हणून दोन्ही दूर ठेवा. रॉकेल आणि थिनर तर नकोच, थिनर प्लॅस्टिक खातं.

पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारून आणायची पद्धत गावोगाव आहे. त्या हवेतून पाणी आणि तेल येतं, ते बोर्डावर बसतं. हातातला इलेक्ट्रिक ब्लोअर बरा. तो वापरताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं.

रॅम परत लावताना दोन्ही क्लिपांचा "टक" आवाज आला पाहिजे. एका बाजूने बसलेली आणि दुसऱ्या बाजूने केसभर वर राहिलेली रॅम वरून बघितली तर नीट बसल्यासारखी वाटते. दोन रॅम असतील तर एकच लावून दोन्ही स्लॉट तपासा, मग दुसरी लावून तेच. चार वेळा चालू-बंद करावं लागेल, पण रॅम खराब की स्लॉट खराब याचा निकाल लागतो.

नाहीच आला डिस्प्ले तर सगळी रॅम काढा, बीप स्पीकर लावा आणि तसंच चालू करा. बोर्ड ओरडला, म्हणजे बीप बीप करत राहिला, तर ती चांगली बातमी आहे: बोर्ड, बायोस आणि प्रोसेसर जिवंत आहेत, त्यांना फक्त रॅम सापडत नाही. रॅम नसतानाही शुकशुकाट असेल तर दोष बोर्ड, प्रोसेसर, बायोस किंवा एसएमपीएसकडे सरकला. रॅम असताना एक लांब आणि दोन किंवा तीन आखूड बीप आले तर बायोसच्या कंपनीप्रमाणे अर्थ बदलतो. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स, एएमआयमध्ये एक लांब तीन आखूड म्हणजे रॅम.

बदली रॅम घेताना खाच बघून घ्या. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवली तर स्लॉट फुटेल. जी४१ बोर्डाचं आणखी एक खूळ आहे: ४ जीबीची एकच डीडीआर३ पट्टी घालायची तर तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिपा हव्यात. आठ चिपांची नवी पट्टी तो ओळखत नाही आणि स्क्रीन काळी राहते. बरेच जण चांगली रॅम खराब समजून परत करतात ती यामुळेच.

चौथी पायरी: सहज नजरेआड होणारी कारणं

प्रोसेसरजवळचा चार पिनांचा चौकोनी प्लग, त्यात दोन पिवळ्या आणि दोन काळ्या वायर. तो सैल असेल तर पंखे, हार्डडिस्क, दिवे सगळं चालतं आणि प्रोसेसर मात्र उपाशी. तसाच २४ पिनांचा मोठा प्लगही एकदा काढून घट्ट बसवा.

रीसेटचं बटण. धुळीने ते आत रुतून बसलं तर बोर्ड सतत रीसेटमध्येच राहतो: पंखा फिरतो, डिस्प्ले नाही. बोर्डाच्या कोपऱ्यातल्या पिनांवरून रीसेटची दोन वायरींची जोडी काढून टाका. जमलं तर तशीच काढून ठेवा, त्या बटणावाचून काही अडत नाही. पॉवर बटणाचा संशय असेल तर त्याचीही जोडी काढून त्या दोन पिना पेचकसाच्या टोकाने क्षणभर जोडा. मशीन सुरू झालं तर बटणच गेलं होतं.

पुढचे यूएसबी पोर्ट. सेवा केंद्रांवर दिवसभर पेनड्राइव्ह आणि अंगठ्याची मशीन लावून-काढून आतल्या पिना वाकतात आणि एकमेकींना किंवा पत्र्याला टेकतात. बोर्डावरून पुढच्या यूएसबीची वायर काढून एकदा चालू करून बघा.

पाचवी पायरी: सेल आणि बायोस

पिन उपटून सेल काढा आणि मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.७ च्या खाली असेल तर टाकून द्या. सेल बाहेर असतानाच पॉवर बटण पंधरा सेकंद दाबा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग नवा सेल अधिक खुणेची बाजू वर ठेवून बसवा. सेलजवळ तीन पिना आणि त्यांच्यावर टोपी असेल तर ती टोपी दहा सेकंद दुसऱ्या जोडीवर सरकवून परत मूळ जागी आणा. ती चुकीच्या जागी विसरली तर पीसी सुरूच होणार नाही.

सहावी पायरी: फक्त गरजेपुरतं

हार्डडिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, ग्राफिक्स कार्ड, इतर कार्डं, कीबोर्ड-माउससुद्धा काढा. बोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा, एक रॅम, एसएमपीएसचे दोन प्लग आणि मॉनिटर एवढंच ठेवा. आला डिस्प्ले? मग एकेक वस्तू परत जोडत जा. जिच्यानंतर काळं होईल ती दोषी.

तरीही नाही आला तर बोर्ड डब्याबाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून चालवा. बोर्डाखाली सांडलेला स्क्रू, वाकलेला पत्रा किंवा उंदरांनी आणून टाकलेला कचरा शॉर्ट करत असेल तर इथे उघड होतं. पुठ्ठ्यावर चाललं आणि डब्यात नाही, तर दोष डब्याचा.

एक अपवाद. जी३१ आणि जी४१ मध्ये ग्राफिक्स बोर्डाच्या चिपसेटमध्ये असतं, एच६१ मध्ये ते प्रोसेसरमध्ये असतं. एच६१ वर कुणी झिऑन ई३-१२३० सारखा प्रोसेसर टाकला असेल तर त्यात ग्राफिक्स नाहीच, त्यामुळे वेगळ्या कार्डाशिवाय डिस्प्ले येणार नाही. तसंच दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर काढून तिसऱ्या पिढीचा बसवला आणि काळं झालं तर बोर्डाचा बायोस जुना आहे. जुना प्रोसेसर परत लावा, बायोस अपडेट करा, मग बदला.

एसएमपीएस तपासणी

पिन लावा, बटण दाबू नका. मीटर डीसी २० व्होल्टवर. २४ पिनांच्या प्लगच्या मागून जांभळ्या वायरीवर लाल सळई आणि काळ्या वायरीवर काळी. ५ व्होल्ट हवेत. शून्य असेल तर पॉवर कॉर्ड बदलून बघा, तरी शून्यच तर एसएमपीएस गेला.

जांभळीवर ५ आहेत? मग हिरव्या वायरीवर सळई ठेवा आणि बटण दाबा. हिरवीचं व्होल्टेज शून्याकडे यायला हवं. आलं, तरी एसएमपीएस सुरू झाला नाही, तर तोच खराब किंवा पुढे शॉर्ट. हिरवी हललीच नाही, तर बटण किंवा बोर्ड.

एसएमपीएस एकट्याने तपासायचा तर तो बोर्डापासून पूर्ण सोडवा, जुना डीव्हीडी ड्राइव्ह लोड म्हणून लावा आणि हिरवी व शेजारची काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला म्हणून पास करू नका, आकडे बघा. पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. राखाडी वायरीवर ५च्या आसपास आलं पाहिजे. ती "वीज ठीक आहे" असा निरोप बोर्डाला देते. निरोप आला नाही तर बोर्ड रीसेटमध्येच थांबतो, पंखे मात्र खुशाल फिरतात.

सकाळी दहादा बटण दाबल्यावर सुरू होणारा आणि एकदा गरम झाला की नीट चालणारा पीसी बहुतेक वेळा आतले वाळलेले कपॅसिटर दाखवत असतो. एसएमपीएस घरी उघडू नका. मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज पिन काढल्यावरही काही वेळ राहतो. आणि नवा घेताना ४५० वॅटचं स्टिकर वाचून भुलू नका. डबा हातात घेऊन वजन बघा. पाखरासारखा हलका ४५० वॅट देत नसतो.

बोर्ड आणि प्रोसेसर

प्रोसेसरभोवतीच्या छोट्या डब्यांसारख्या कपॅसिटरची डोकी सपाट हवीत. फुगलेली, फुटलेली किंवा तपकिरी चिकट पडलेली दिसली तर कारण तिथेच आहे. बदलताना तेवढेच मायक्रोफॅरड, तेवढे किंवा जास्त व्होल्ट, १०५ अंशांचे आणि लो ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) प्रकारचे लावावेत. जुन्या रेडिओतला काढून लावलेला महिनाभरही धड चालत नाही.

एलजीए ७७५ (जी३१, जी४१ बोर्डांवरचं प्रोसेसरचं सॉकेट) चा पंखा चार प्लॅस्टिकच्या पायांवर बसतो. काढताना पाय बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. बसवताना ते उलटे फिरवून, समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाबा. एक जरी पाय उठलेला राहिला तर मशीन काही सेकंदांत तापून बंद पडतं. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. एएमडीच्या जुन्या बोर्डावर पंखा सरळ वर ओढू नका, वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी हलका मुरगळा. इंटेलच्या सॉकेटमधल्या पिनांना मात्र बोटही लावायचं नाही.

एवढं करूनही रॅमशिवाय बीप नसेल, व्होल्टेज बरोबर असतील आणि तपासलेला दुसरा प्रोसेसरही चालत नसेल, तर बोर्ड गेला. जी३१ चा बोर्ड चिप पातळीवर दुरुस्त करण्यात पैसे घालू नयेत. एच६१ असेल तर प्रोसेसर आणि रॅम वाचवून जुना बोर्ड शोधणं परवडू शकतं.

डिस्प्ले आल्यावर

पहिल्यांदा "प्रेस एफ१" सारखी ओळ दिसेल. बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ नीट लावा. तारीख मागे राहिली तर सरकारी पोर्टल उघडताना "कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतं आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन लावतात. त्याच मेनूत साटाचं, म्हणजे हार्डडिस्क कोणत्या पद्धतीने चालवायची त्याचं, सेटिंग बघा. सेल काढल्यावर ते एएचसीआयवरून आयडीईवर किंवा उलटं जाऊ शकतं. तसं झालं तर विंडोजची निळी स्क्रीन येऊन मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं. आधीचं ठेवलं की विंडोज जसंच्या तसं उघडतं. मग बाजूचा पत्रा लावण्याआधी अर्धा तास चालू ठेवा आणि प्रोसेसरचा पंखा अडखळत तर नाही ना, तेवढं कान देऊन ऐका.